तब्येत ठीक आहे का ते घरच्या घरी कसं बघायचं?

आधी शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा, पँट घालता तिथे नाही, बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून आणि पोट आत न ओढता. पुरुषांची ९० सेमी, बायकांची ८० च्या वर असेल तर शुगर-बीपीचा धोका वाढतो, वजन नॉर्मल असलं तरी. मग बीपी, पण त्याआधी अर्धा तास चहा नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या लेव्हलला आणि मोजताना अजिबात बोलू नका, आकडा उगाच वर जातो. परत परत १४०/९० च्या वर आलं तर डॉक्टरकडे जाच. उपाशीपोटी शुगर १०० च्या आत हवी, तिशीच्या पुढच्यांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते, प्लीज करून घ्या.