‘पॉझिटिव्ह’ अहवाल नेमका कुणासाठी होता?

प्रश्न : कोरोनाच्या काळात आमच्याकडे सर्वेक्षणासाठी घरोघरी रक्ताचे नमुने घेतले होते. मला काहीच त्रास झालेला नव्हता, तरी माझ्या अँटिबॉडी ‘पॉझिटिव्ह’ आल्या. सगळे म्हणाले, आता तुला भीती नाही. पुढे काही महिन्यांनी मला चांगलाच कोविड झाला. मग ती चाचणी खोटी होती का? आणि दोन तृतीयांश लोकांत अँटिबॉडी आहेत, असे आकडे तेव्हा येत होते, त्यांचा उपयोग काय? पुन्हा कधी नमुना मागितला तर द्यावा का?
– एक वाचक

उत्तर : चाचणी खोटी असेलच असं नाही. पण तिच्या आधारावर तुम्हाला ‘आता भीती नाही’ असं सांगणं साफ चूक होतं, आणि याची मला मनापासून चीड आहे. मी अनेक वर्षं प्रयोगशाळेत असेच नमुने तपासले आहेत. अशा सर्वेक्षणात प्रश्न ‘या माणसाला धोका आहे का’ हा नसतोच. विषाणू किती लोकांपर्यंत पोहोचून गेला, हे त्यातून शोधायचं असतं.

चाचणी कशी होते, ते आधी सांगतो. प्लॅस्टिकच्या एका छोट्या थाळीत ९६ खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाला विषाणूचं प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यात तुमचं पातळ केलेलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, घालतात. रक्तात त्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी असतील तर त्या प्रथिनाला धरून बसतात, बाकीचं धुऊन जातं. मग रंग आणणारी द्रव्यं घातली की खळगा पिवळा होतो. अँटिबॉडी जितक्या जास्त तितका पिवळा गडद. यंत्र तो गडदपणा मोजतं आणि ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला की ‘पॉझिटिव्ह’ लिहितं. त्या आकड्याच्या किंचित वरचा आणि किंचित खालचा खळगा शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. अहवालात मात्र एकाला ‘हो’ मिळतं आणि दुसऱ्याला ‘नाही’.

तुमचा नमुना कधी घेतला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. इथे तेच महत्त्वाचं आहे. समजा, लागण न झालेल्या १०० जणांपैकी ९८ जणांना चाचणी बरोबर ‘निगेटिव्ह’ सांगते. हजार लोकांत फक्त १० जणांना लागण होऊन गेली असेल, तर उरलेल्या ९९० मधले जवळपास २० जण उगाचच पॉझिटिव्ह येतील. म्हणजे खरे दहा, खोटे वीस! हजारात ६०० जणांना लागण झाली असेल, तर त्याच चाचणीत खोटे पॉझिटिव्ह जेमतेम आठ निघतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पहिल्या देशव्यापी सर्वेक्षणात, मे-जून २०२० मध्ये, प्रौढांमधलं प्रमाण ०.७३ टक्के होतं. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या फेरीत, सहा वर्षांवरच्या सगळ्यांमध्ये, ते ६७.६ टक्के झालं. तुमचा अहवाल पहिल्या काळातला असेल तर त्यावर माझा फारसा भरवसा नाही, दुसऱ्या काळातला असेल तर बराच आहे. चाचणी किती वेळा चुकते हे माहीत असलं की लोकसंख्येच्या आकड्यात हिशेबाने दुरुस्ती करता येते. एकट्या माणसाच्या अहवालात ती करता येत नाही.

अहवाल खरा असला तरी पुन्हा कोविड होऊ शकतो. या चाचणीत विषाणूला चिकटणाऱ्या अँटिबॉडी दिसतात. त्यातल्या किती त्याला प्रत्यक्ष रोखतात, हे पाहायला वेगळी, बरीच किचकट चाचणी लागते. शिवाय अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात आणि विषाणूही बदलतो. आधी भेटलेला विषाणू ओळखणाऱ्या शरीरातल्या स्मरणपेशी टिकतात, त्या आजार गंभीर होण्यापासून बऱ्याच अंशी वाचवतात, पण या खळग्यांत त्या दिसत नाहीत.

आता तुमचे दोन तृतीयांश. चौथ्या फेरीतल्या त्या आकड्यात लसीचा वाटा होताच, पण एकही डोस न घेतलेल्यांतही प्रमाण ६२.३ टक्के होतं. म्हणजे नोंदलेल्या रुग्णसंख्येच्या कितीतरी पट लागण होऊन गेली होती. हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळलं नसतं, उपयोग आहे तो हाच. मात्र एकाच सरासरीवर मी कधी समाधान मानत नाही. जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन प्रभागांत पाहणी झाली, तेव्हा झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या आणि त्याच प्रभागांतल्या इतर वस्त्यांत सुमारे १६ टक्के. यांची सरासरी काढली तर ती दोन्हीकडच्या लोकांना लागू पडत नाही.

आणि ब्राझीलमधल्या मानाउस शहराचं उदाहरण तर प्रत्येकाने वाचावं. तिथे रक्तदात्यांचे नमुने महिनोन् महिने तपासले. जूननंतर पॉझिटिव्ह दाते कमी होत गेले. लागण होऊन गेलेली माणसं काही कमी झाली नव्हती, फक्त त्यांच्या अँटिबॉडी उतरत होत्या. ही घट हिशेबात धरून संशोधकांनी अंदाज काढला की ऑक्टोबर २०२० पर्यंत सुमारे ७६ टक्के लोकांना लागण होऊन गेली. पुष्कळांना वाटलं, आता साथ संपली. जानेवारी २०२१ मध्ये त्याच शहरात रुग्णालयांत ऑक्सिजन कमी पडून माणसं गेली. विषाणूचा गॅमा हा नवा प्रकार पसरला होता, आधीची प्रतिकारशक्ती काहींची ओसरली होती, आणि रक्तदाते म्हणजे अख्खं शहर नव्हे, त्यामुळे ७६ हा आकडाच चढा असण्याचीही शक्यता होती. या तिघांपैकी कशाचा वाटा किती, यावर मतभेद झाले. पण रक्त तपासणं थांबवावं असं कुणी जाणकार म्हणाला नाही. उलट त्याच त्या ठिकाणी, पुन्हा पुन्हा, वयोगट वेगळे ठेवून तपासावं, हे पटलं.

तेव्हा पुन्हा कुणी नमुना मागितला तर जरूर द्या. विशेषतः ‘मला काहीच झालं नाही’ म्हणणाऱ्यांनी द्यावा, कारण आजारी पडलेले लोक तपासणीला आपणहून पुढे येतात आणि आकडा फुगतो. लस कुठली घेतली, डोस कधी झाले, हे न विसरता सांगा. कोव्हिशील्डमुळे शरीरात विषाणूचं फक्त बाहेरचं काटेरी प्रथिन (स्पाइक) तयार होतं, त्यामुळे आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या तर त्या लागणीमुळेच आल्या असं धरता येतं. कोव्हॅक्सिनमध्ये मात्र अख्खा निष्क्रिय विषाणू असतो. ती घेतलेल्या माणसाच्या रक्तात दोन्हींविरुद्ध अँटिबॉडी सापडू शकतात, आणि लसीची माहिती नोंदवलेली नसेल तर तुमचा नमुना तपासणाऱ्याला लागण आणि लस यांतला फरक करताच येणार नाही.