गरोदरपणी माझेच काही चुकले का?

स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झालेल्या मुलांच्या आया हा प्रश्न मला सतत विचारतात आणि अलीकडे त्याला नवजात बाळाच्या चयापचयावरील बातम्यांची जोड मिळाली आहे. साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आलेल्या अशाच एका आईच्या मांडीवर अहवालांची जाड फाइल होती.

“मॅडम, सासूबाई तूप खा म्हणायच्या, पण मला वासानेच मळमळायचे. जपानमध्ये नाळेच्या रक्तातल्या चरबीशी याचा संबंध सापडलाय म्हणे. म्हणजे माझ्यामुळेच ना?”

फुकुई विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासात २०० मुलांच्या नाळेच्या रक्तातील, मेदाम्लांपासून, म्हणजे चरबीच्या घटकांपासून, बनणारी काही संयुगे आणि सहाव्या वर्षीची स्वमग्नतेची लक्षणे यांत संबंध आढळला होता. मात्र दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असे ठरत नाही, आणि आईच्या ताटातला दोष तर त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. फेनिलकीटोन्युरिया या चयापचयाच्या जन्मजात विकारात मात्र कारण स्पष्ट असते: उपचार न झाल्यास बौद्धिक वाढ खुंटते, काही मुलांत स्वमग्नतेसारखी लक्षणेही दिसतात, पण नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावरून वेळीच ओळखून पथ्य सुरू केल्यास हानी बरीचशी टळते. तो विकारही आईवडील दोघांकडून आलेल्या जनुकांमुळे होतो, आईच्या डोहाळ्यांमुळे नव्हे.

तिला हे पटले, तरी पुढच्या भेटीत फाइलमध्ये नवा अहवाल होताच. तेव्हा माझ्या लक्षात आले की तिच्या अपराधभावात एक आशा दडलेली आहे: चूक माझी असेल, तर ती सुधारणेही माझ्याच हातात आहे. ती आशा काढून घेण्याऐवजी तिला योग्य जागा द्यायला हवी होती.

मुलगा जमिनीवर बाटल्यांची झाकणे ओळीने मांडत होता. मी म्हटले, “त्याच्या शेजारी बसा आणि एकेक निळे झाकण देत राहा. बोलू नका.” तो न पाहता झाकणे घेत गेला. थोड्या वेळाने ती मुद्दाम थांबली, तेव्हा त्याने तिच्यापुढे हात पसरला आणि क्षणभर तिच्या चेहऱ्याकडे पाहिले.

“त्याने माझ्याकडे मागितले?”

“हो, तुमच्याकडेच.”

नात्यातून मूल शिकते, यावर माझ्या कामाचा पाया आहे आणि त्या दिवशी तो पुन्हा पक्का झाला. कोरड्या स्वभावाच्या आईमुळे मूल स्वमग्न होते, हे विसाव्या शतकाच्या मध्यास तज्ज्ञांनीच पसरवलेले मत पुढे खोटे ठरले. तोच आरोप आयांनी आता रक्ताच्या अहवालांच्या आधारे स्वतःवर करून घेऊ नये.

झटके येत असतील, शिकलेले बोलणे किंवा चालणे हरवत असेल, वारंवार उलट्या होऊन मूल सुस्तावत असेल, तर चयापचयाच्या तपासण्यांविषयी बालरोगतज्ज्ञांना जरूर विचारावे. एरवी नव्या तपासण्यांच्या मागे धावण्यापेक्षा तो पैसा आणि वेळ वाचा-उपचाराला व रोजच्या खेळाला द्यावा, आणि मेदाम्लांच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.