गावच्या सभासद-साइटवर प्रोफाइलमध्ये काय लिहावं आणि ते कुणाला दिसू द्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, तुम्ही पुण्यात. बाहेर पडलेल्या मंडळींनी मिळून गावची साइट काढली आहे. सभासद झालं की फोटो, जन्मतारीख, रक्तगट, मोबाइल, नोकरीचं ठिकाण, गावातलं घर, बायको-मुलांची नावं असं सगळं भरायला सांगतात. मित्र म्हणतात, ‘आपलीच माणसं हाईत की, भर.’ वहिनी म्हणतात, ‘कशाला सगळं उघड्यावर टाकताय ओ?’

मी वहिनींच्या बाजूची आहे. तरी प्रोफाइल कोरं ठेवा असं सांगणार नाही. गाव सोडून पंचवीस-तीस वर्षं झालेल्या माणसाला जुना सोबती सापडणं ही किती मोठी गोष्ट असते ते मी पाहिलंय. मी बेळगावात शहापूर भागात राहते, माहेर तुमच्याच तालुक्यातलं. एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या साइटवर सभासद-नोंदणीचं काम मी चार वर्षं केलं. ते हाती घेण्यामागं एक कारण होतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. आई गावी एकटी राहते. एका दुपारी आईला फोन आला. पलीकडचा माणूस मराठीत बोलत होता. त्यानं भावाचं पूर्ण नाव घेतलं, युनिटचं नाव सांगितलं, आईलाही तिच्या नावानं हाक मारली आणि म्हणाला, गाडीला अपघात झालाय, दवाखान्यात ठेवलंय, तातडीनं पैसे पाठवावे लागतील. आई उंबऱ्यातच बसली. फोन हातात तसाच. शेजारच्या काकूंनी तिच्याकडून फोन घेतला, बंद केला आणि मला लावला. मी भावाला लावला. त्यानं उचलला, तो जेवत होता. पैसा एकही गेला नाही. पण त्या अर्ध्या तासात आईचं जे झालं, ते अजून पुरतं गेलेलं नाही. अनोळखी नंबर दिसला की आजही ती फोन माझ्याकडं देते.

एवढं सगळं त्या माणसाला कळलं कुठून, हे मी आठवडाभर शोधलं. कुणी काही फोडलं नव्हतं, कुणाचा पासवर्ड चोरला नव्हता. शाळेच्या साइटवर भावाचं प्रोफाइल होतं. त्यानं दिलेले सगळे रकाने मनापासून भरले होते: युनिट, पोस्टिंग, गाव, आईचं नाव, आणि ‘घरचा संपर्क’ म्हणून आईचा मोबाइल. सगळं एका पानावर, लॉगिन न करता कुणालाही दिसेल असं. त्यानं ते लिहिताना डोळ्यांसमोर वर्गातली मुलं धरली होती. वाचलं भलत्यानंच.

तेव्हापासून मला एक गोष्ट पक्की कळली. ओळख पटणं वेगळं आणि हाती लागणं वेगळं. प्रोफाइलनं आपल्या माणसाला आपली ओळख पटली पाहिजे. परक्याला आपल्यापर्यंत पोचायची वाट त्यातून मिळता कामा नये. आता एकेक रकाना या नजरेनं बघू.

सुरुवात नावापासून. आपल्या भागात नुसत्या ‘पाटील’वर कुणी कुणाला ओळखत नाही. एकाच गावात चार घरांत तेच नाव नि तेच आडनाव असतं. म्हणून साइटवाले वडिलांचं नाव, घर, भावकी असं सगळं मागतात, आणि त्यांची अडचणही खरी आहे. पण गावात आपण एकमेकांना ओळखतो ते कागदावरच्या नावानं थोडंच? ‘वरच्या गल्लीतला’, ‘पिठाच्या गिरणीवाल्यांचा’, ‘मास्तरांच्या घरातला मधला’ अशी ओळख असते. ‘माझ्याविषयी’ असा रकाना असतोच. तिथं हे लिहा. गावच्या माणसाला एका ओळीत कळेल, परक्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. आणि नाव देवनागरीत लिहा. आधारवर नि बँकेत रोमन अक्षरांत जे स्पेलिंग आहे, ते अक्षरशः तसंच इथं देण्याची गरज नाही.

मोबाइल नंबर सगळ्यांना दिसेल असा ठेवूच नका. आता नंबर म्हणजे नुसता नंबर राहिलेला नाही. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये कुणाचाही नंबर घातला आणि तो यूपीआयला जोडलेला असला, की बँकेत नोंदवलेलं नाव समोर येतं. म्हणजे नाव आणि नंबर जुळतात की नाही याची खात्री परका माणूस घरबसल्या करून घेतो. साइटच्या आत निरोप पाठवायची सोय असतेच. आधी निरोप येऊ दे. माणूस ओळखीचा निघाला तर नंबर द्यायला कितीसा वेळ लागतो?

जन्मतारखेचं एवढंच सांगते की वाढदिवसाच्या शुभेच्छांना दिवस आणि महिना पुरतो. साल सोडून द्या. (आपल्या आधीच्या पिढीत निम्म्या लोकांचा वाढदिवस शाळेत मास्तरांनी घातलेला १ जून असतो, त्यांच्या बाबतीत तर शुभेच्छांसाठी खरी तारीख घरी विचारलेलीच बरी.) रक्तगट खरोखर उपयोगाचा आहे, अडल्या वेळी गावचा माणूस धावून येतो. तो सभासदांपुरता दिसू दे.

खरी गफलत होते ती दोन साध्या गोष्टी शेजारी ठेवल्यावर. ‘सध्या मुक्काम पुणे’ यात काही वाईट नाही. ‘गावचं घर देवळामागं, नवीन स्लॅबचं’ यातही नाही. दोन्ही एकत्र वाचा: देवळामागचं नवीन घर गणपती आणि यात्रा सोडली तर वर्षभर कुलूपबंद असतं. तालुक्यात अशी किती घरं बंद आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. तसंच ‘मुलगा दुबईत’ आणि ‘आईवडील गावी’. तसंच भावाची पोस्टिंग आणि आईचा नंबर. म्हणून रकाने सुटे तपासू नका. भरून झालं की सगळं पान परक्याच्या डोळ्यांनी सलग वाचा.

घरात कुणी फौजेत असेल तर युनिट, हुद्दा, पोस्टिंग यातलं काहीच नको. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, त्यामुळं आपल्याकडं या गोष्टी अभिमानानं लिहायची सवय आहे आणि तो अभिमान मला समजतो. पण जुलै २०२० मध्ये लष्करानं जवानांना फेसबुकसह ८९ अ‍ॅप मोबाइलमधून काढायला सांगितली, ती उगीच नाही. ‘देशसेवेत’ एवढा शब्द पुरे.

फोटो एकट्याचा, चेहरा स्पष्ट दिसणारा द्या. ओळख पटायला तेवढा लागतो. मुलांचा नको, त्यातही शाळेच्या गणवेशातला तर अजिबात नको. घराची पाटी, गाडीचा नंबर मागं येतो का ते बघा. लोकेशन चालू ठेवून मोबाइलनं फोटो काढला असेल तर त्या फाइलच्या पोटात जागेचे अक्षांश-रेखांशही असतात. काही साइट ते पुसतात, काही तसेच ठेवतात. सोपा उपाय म्हणजे फोटो मोबाइलवर उघडून त्याचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो चढवा.

आता सेटिंगचं. अशा साइट पुष्कळदा वर्डप्रेस या साइट बनवायच्या तयार साधनाला बडीप्रेस ही सभासद-प्रोफाइलची जोड देऊन केलेल्या असतात, आमचीही तशीच होती. त्यात प्रत्येक रकान्याला चार दारं असतात: सर्वांना, सगळ्या सभासदांना, फक्त मित्रांना, फक्त मला. सभासदाला ही निवड सेटिंग्जमध्ये ‘प्रोफाइल व्हिजिबिलिटी’त करता येते, आणि कुणी काही केलं नाही तर नवा रकाना ‘सर्वांना’ असाच राहतो. माझ्या भावाचं नेमकं तेच झालं होतं. नावाचा मुख्य रकाना मात्र लपवता येत नाही, म्हणून त्यात नाव-आडनावापलीकडं काही घालू नका. बदलायचा पर्यायच दिसत नसेल, तर चालवणाऱ्यानं तो सभासदांकडून काढून घेतलाय असं समजा. अशा रकान्यात फक्त जाहीर करण्यासारखंच लिहा, नाहीतर सोडून द्या.

‘फक्त मला’ या शब्दांवर फार विसंबू नका. मी नोंदणीचं काम बघत होते तेव्हा सभासदांनी ‘फक्त मला’ ठेवलेलं सगळं माझ्या स्क्रीनवर दिसायचं. कुणाचं काही बघायची माझी इच्छा नव्हती, तरी दिसायचं. शिवाय सगळ्या माहितीचा बॅकअप कुणाच्या तरी लॅपटॉपवर असतो, आणि कार्यकारिणी बदलली तरी लॅपटॉप तोच राहतो. आधार नंबर, पॅन, बँकेचं काही, हे कुठल्याही दारामागं ठेवायचं नाही. ओळख पटवायला आधार मागितलाच तर शेवटचे ४ अंक तेवढे दिसणारं मास्क्ड आधार मिळतं, ते दाखवा.

‘सगळ्या सभासदांना’ हे दारही वेशीइतकंच भक्कम असतं. वेशीवर कोण आहे ते मंडळाला विचारा. गावात नवा माणूस आला की पारावरची म्हातारी माणसं विचारायची, ‘तू कुणाच्यातला?’ आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढं सोडायची नाहीत. तुमच्या साइटवर ईमेल टाकला की कुणीही सभासद होत असेल, तर ‘सभासदांना’ आणि ‘सर्वांना’ यात फरक उरला नाही. आम्ही नंतर नियम केला: दोन जुन्या सभासदांनी ‘होय, हा आपल्यातला’ म्हटल्याशिवाय खातं उघडायचं नाही. नोंदणी हळू झाली, थोडी नाराजीही ओढवून घेतली, पण नियम सोडला नाही. तुम्हीही मंडळाला हे सांगा. आणि नव्या सभासदाचा प्रत्येक रकाना आपोआप ‘सर्वांना’ राहण्याऐवजी ‘सभासदांना’ ठेवा म्हणून आग्रह धरा. चालवणाऱ्याला ते पाच मिनिटांचं काम आहे.

‘आपल्याच माणसांपासून काय लपवायचं’ असं मित्र म्हणतील. त्यांना सांगा, हा लपवालपवीचा विषय नाही, हक्काचा आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं दिला, आणि ज्यांच्या याचिकेवर तो दिला ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होताहेत. दिलेली संमती मागं घेणं, माहिती पुसायला सांगणं हे त्यात आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीला पालकांची संमती लागते. पण त्यातच एक बारीक गोष्ट आहे: जी माहिती आपण स्वतःहून जगजाहीर केली, तिला हा कायदा लागू होत नाही. म्हणजे ‘सर्वांना’ हे दार तुम्ही स्वतः उघडलंत, तर नंतर कायद्याकडं बोट दाखवायला जागा फारशी उरत नाही. मला तर सगळ्या कायद्यातली हीच ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते.

भरून झाल्यावर लॉगआउट करा आणि आपलं पान उघडून बघा. मग घरातल्या दुसऱ्या मोबाइलवर गूगलमध्ये आपलं नाव आणि गाव शोधा. देवनागरीत शोधा, रोमनमध्ये शोधा, कुणी कन्नड वाचणारं असेल तर कन्नडमध्येही. बेळगावचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदलून बेळगावी झालं, पण जुन्या पानांवर जुनंच स्पेलिंग आहे, म्हणून दोन्ही घालून बघा. भावाचं जुनं पान मला अशाच शोधात सापडलं होतं. आणि घरी कुणाला तसा फोन आलाच, पैसे गेलेच, तर विचार करत बसू नका, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर लगेच कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.

माझ्या भावाचं प्रोफाइल मी पुसलं नाही. त्याच्याशी बोलून दोघांनी मिळून नव्यानं लिहिलं. नंबर नाही, युनिट नाही, आईचं नाव नाही. नाव-आडनाव, एकट्याचा फोटो, आणि ‘माझ्याविषयी’ मध्ये एवढंच: ‘खालच्या गल्लीत विहिरीजवळच्या घरातला धाकटा. लेझमात पहिल्या रांगेत असायचो.’ दोन-तीन आठवड्यांत गोव्याहून साइटवरच निरोप आला. सातवीपर्यंत त्याच्या बाकावर बसलेला मुलगा होता, मधल्या वर्षांत कुठं गेला ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं विचारलं होतं, ‘विहिरीजवळचा म्हणजे पावसात छत्री विसरून माझ्या घोंगड्यात यायचा तोच काय रे?’ भावानं त्याला नंबर दिला.