जेट एअरवेजने लंडन-अमेरिका फेऱ्या सुरू केल्यामुळे एअर इंडिया डबघाईला आली का?

नाही. आणि हा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझे साडू गेली वीस वर्षं प्रत्येक लग्नकार्यात हेच ऐकवतात: "खासगीवाले आले आणि तुमचं पितळ उघडं पडलं. सरकारचे जावई तुम्ही!"

मी मुंबईच्या सहार विमानतळावर एअर इंडियाचा ट्रॅफिक असिस्टंट, म्हणजे काउंटरवरचा माणूस, होतो. 1990 चा ऑगस्ट. इराकने कुवेत घेतलं आणि तिथली आपली माणसं बसने बगदादमार्गे अम्मानला येऊन थांबली. तिथून एअर इंडिया आणि देशातल्या फेऱ्यांची सरकारी कंपनी इंडियन एअरलाइन्स यांच्या विमानांनी 59 दिवसांत 488 फेऱ्या करून 1 लाख 11 हजारांवर लोक परत आणले. आम्ही घरी फक्त अंघोळीला जायचो. एका पहाटे रत्नागिरीकडचे एक गृहस्थ काउंटरशी आले. शर्टाची कॉलर मळून काळी, हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, बाकी सामान नाही. त्यांनी चार घड्या घातलेली दहा दिनारची नोट पुढे केली. म्हणाले, "साहेब, एसटीपुरते तरी मिळतील का याचे?" महिन्यापूर्वी त्या नोटेचे सहाशेच्या आसपास रुपये आले असते. त्या पहाटे कुणी ती हातात घेईना. कोकण रेल्वे अजून व्हायची होती, एसटीशिवाय घर गाठायचं कसं? मी आणि एका लोडरने मिळून शंभर रुपये दिले, चहा पाजला. नोट काही ते परत घेईनात. माझ्या कपाटात आहे अजून, घड्यांच्या जागी विरलेली.

हे सांगितलं की साडू म्हणतात, भावनेवर कंपनी चालत नाही. बरं, मग हिशेबाचं बोलू.

2004 च्या अखेरीस सरकारने खासगी कंपन्यांना परदेशी फेऱ्यांची मुभा दिली. अट एवढीच की देशात पाच वर्षांचा अनुभव आणि ताफ्यात 20 विमानं हवीत. मे 2005 मध्ये जेट मुंबईहून लंडनला गेली, तीसुद्धा भाड्याच्या एअरबस ए-340 घेऊन. आमचं गिऱ्हाईक फुटलं, खरं आहे. पण पुढचं साडू सांगत नाहीत. 2007 मध्ये ब्रसेल्समार्गे न्यूअर्क, 2008 मध्ये शांघायमार्गे सॅन फ्रान्सिस्को, आणि त्याच वर्षी तेल पिंपाला 147 डॉलरवर! सॅन फ्रान्सिस्को काही महिन्यांत गुंडाळावं लागलं आणि नवी कोरी बोइंग 777 विमानं तुर्की कंपनीला भाड्याने द्यावी लागली. 17 एप्रिल 2019 ला जेटच बंद पडली. आम्हाला बुडवायला आलेली कंपनी आमच्या आधी मिटली, याला काय म्हणणार?

एअर इंडियाला खड्ड्यात घातलं ते दिल्लीतल्या निर्णयांनी. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स मिळून 111 विमानांची खरेदी, तीही बहुतेक कर्जावर, आणि 2007 चं विलीनीकरण. दोन कंपन्या, दोन पगारश्रेण्या, दोन बढतीच्या याद्या एका रात्रीत एक करायला निघाले. त्यात खालच्या माणसाला कुणी विचारलं होतं? शिव्या मात्र काउंटरवरच्याने खायच्या.

आणि दोघींचंही गिऱ्हाईक नेलं ते आखाताने. एमिरेट्स 1985 पासून मुंबईला येते. दुबईत एकदा विमान बदललं की युरोप-अमेरिका, मग मुंबईहून थेट जाण्याचे जास्त पैसे कोण मोजणार? लांब पल्ल्याच्या फेरीत पुढच्या महागड्या खुर्च्या भरल्या नाहीत तर मागचं अख्खं विमान भरूनही भागत नाही. तुम्ही कॉलेजच्या प्रकल्पासाठी विचारताय असं लिहिलंय, तर जेट विरुद्ध एअर इंडिया हा सामना सोडा. आखाती कंपन्यांना कोणत्या वर्षी आठवड्याला किती खुर्च्यांची परवानगी दिली, तिथून सुरुवात करा.

एक मात्र मान्य करायला हवं: जेटच्या विमानातली सेवा उत्तम होती. माझ्या बायकोलाही ती आवडायची, आणि साडूंनी हे तिच्याच तोंडून ऐकलंय. शिवाय मी जमिनीवरचा माणूस, ताळेबंद मी वर्तमानपत्रातच वाचले. जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटांकडे परत गेली, तेव्हा साडूंचा फोन आला होता, "बघा, शेवटी खासगीच!" मी म्हटलं, 1953 मध्ये सरकारने घेतली ती टाटांकडूनच, आणि कुवेतची माणसं आणली ती सरकारी असताना. ते म्हणाले, रविवारी जेवायला या, मग बोलू. नोट बरोबर नेली होती.