आई-बाबांना घेऊन दोन दिवस मुंबईत येतोय. राहायचं कुठे, खायचं कुठे?

दादरला राहा. पश्चिम आणि मध्य दोन्ही लोकल तिथे मिळतात. कुलाबा गेटवेजवळ खरं, पण खोल्या महाग. खोली घेण्याआधी लिफ्ट आहे का ते फोन करून विचारा. स्वस्तातली एक खोली मी फोटो बघून घेतली आणि आईला तीन जिने चढवले. ती अजून ऐकवते!

सकाळी दादरच्याच 'आस्वाद' हॉटेलची मिसळ, नाहीतर 'प्रकाश'चा साबुदाणा वडा आणि पियुष. शनिवार-रविवारी रांग असते, लवकर जा. मासे खात असाल तर दादरमध्येच मालवणी थाळी. फोर्टात गेलात तर दुपारी बॅलार्ड इस्टेटच्या 'ब्रिटानिया'त (1923 पासून) बेरी पुलाव. गर्दीच्या वेळी आई-बाबांना लोकलमध्ये चढवू नका, टॅक्सी करा.