मोठी हार्ड डिस्क घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ आहे. वर्षाला साधारण ४ टीबी डेटा साठतो. १६ टीबीची एक डिस्क घ्यावी की ८ टीबीच्या दोन? दर टीबीला मोठी स्वस्त पडते.

८ टीबीच्या दोन घ्या आणि दोन्हींवर तोच डेटा ठेवा. दुसऱ्या प्रतीचा खर्च धरल्याशिवाय दर टीबीचा हिशेब पुरा होत नाही. १६ टीबीची एकच घेतलीत, तर चार वर्षांची लग्नं एकाच मोटरच्या भरवशावर राहतील. १६ टीबी घ्यायचीच असेल तर तीही जोडीनेच घ्या.

घेण्याआधी मॉडेल क्रमांकावरून सीएमआर की एसएमआर, हे कंपनीच्या तक्त्यात पाहा. डेटा लिहिण्याच्या या दोन पद्धती आहेत. सीएमआरमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. म्हणून सुरुवातीला कॉपी जोरात चालते आणि डिस्कमधली तात्पुरती जागा भरली की वेग एकदम कोसळतो. सीगेट बॅराकुडाचं ८ टीबीचं एसटी८०००डीएम००४ हे मॉडेल एसएमआर आहे. एकदा लिहून कपाटात ठेवायच्या प्रतीला ते चालेल. रोज एडिटिंगला घ्याल किंवा नॅसच्या (नेटवर्कवरून वापरायच्या साठवण-पेटीच्या) रेडमध्ये (अनेक डिस्क मिळून चालवायच्या जोडणीत) बसवाल, तर मनस्ताप होईल. रेडमधली एक डिस्क गेल्यावर नवीवर सलग तासन् तास लिहावं लागतं, आणि एसएमआर नेमकी तिथेच दम टाकते. ‘नॅससाठी’ या लेबलवरही विसंबू नका. डब्ल्यूडी (वेस्टर्न डिजिटल) कंपनीच्या ‘रेड’ नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये उघड झालं. त्यानंतर त्या कंपनीच्या सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या झाल्या.

विंडोजमध्ये ८ टीबीची डिस्क ७.२७ टीबी दिसेल. हा फक्त मोजण्याच्या एककातला फरक आहे, फसवणूक नाही. सरासरी १८० एमबी प्रतिसेकंद धरले तरी पूर्ण डिस्क कॉपी व्हायला बारा तासांहून जास्त लागतात. काम रात्री लावून ठेवा.

प्रश्न : नवी ८ टीबीची डिस्क जुन्या यूएसबी डॉकमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या खाचेत) लावली तर फक्त १.२८ टीबी दिसते. परत करू का?

थांबा, डिस्क बहुधा ठणठणीत आहे. जुन्या डॉकमधली चिप ३२ बिटांपुरतेच सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) मोजते, म्हणजे ५१२ बाइटच्या सेक्टरने २.२ टीबी. त्यापुढे तिची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. ८ टीबीतून अशी तीन पूर्ण आवर्तनं वजा केली की सुमारे १.४ टीबी उरतात, विंडोजच्या एककात १.२८. (४ टीबीची डिस्क अशा डॉकवर १.६४ टीबी दिसते, ३ टीबीची ७४६ जीबी.) आकडा असा जुळला तर दोष डॉकचाच.

तिथे फॉरमॅट करू नका. डिस्कवर आधीच डेटा असेल आणि विंडोजने ‘इनिशियलाइज’ (डिस्क नव्याने मांडू का) विचारलं, तर नकार द्या. डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा केबलला (पीसीत डिस्क जोडायच्या नेहमीच्या केबलला) लावून तपासा. कोरी असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जीपीटी (डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत) निवडा. एमबीआर ही जुनी पद्धत घेतलीत तर २ टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही.

प्रश्न : एक्स्टर्नल डिस्क केसमधून काढून पीसीत बसवली. फिरतच नाही.

साटा पॉवरची तिसरी पिन तपासा. जुन्या एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) तिथे ३.३ व्होल्ट येतात. नव्या बऱ्याच डिस्कमध्ये त्याच पिनवर ‘बंद राहा’ हा संकेत असतो. डिस्कवरच्या पॉवर कनेक्टरच्या, डेटा कनेक्टरकडून मोजलेल्या पहिल्या तीन पिना कॅप्टॉन टेपने झाका. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे मिळते ती पिवळसर, उष्णता सोसणारी टेप. साधी सेलोटेप सरकते. मोलेक्स-साटा कन्व्हर्टरनेही (मोलेक्स म्हणजे जुना चार पिनांचा पॉवर प्लग) काम होतं, पण एकसंध ओतीव प्लास्टिकचा घेऊ नका. त्यात तारा आतून चिकटून आग लागल्याची उदाहरणं आहेत.

केस उघडण्याआधी डेटा दुसरीकडे हलवायला हवा. काही केसमधली चिप डेटा एनक्रिप्ट करते किंवा सेक्टरचा आकार बदलून दाखवते, मग तीच डिस्क थेट जोडल्यावर रिकामी भासते.

प्रश्न : सोसायटीत ८ कॅमेरे आहेत, ३० दिवसांचं रेकॉर्डिंग हवं. किती टीबी?

४ एमबीपीएसचा (सेकंदाला ४ मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट) एक कॅमेरा दिवसाला ४३.२ जीबी लिहितो. आठांचे सुमारे ३४६ जीबी, महिन्याचे १०.४ टीबी. एच.२६५ (व्हिडिओ जास्त दाबून साठवायची पद्धत) लावून २ एमबीपीएसवर चित्र पुरेसं स्पष्ट येत असेल, तर ५.२ टीबी होतात आणि ६ टीबीची डिस्क पुरते. गाडीचा नंबर वाचता येतो का, हे रात्रीच्या रेकॉर्डिंगवर पाहूनच बिटरेट कमी करा.

डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या पेटीच्या) माहितीपत्रकात ‘प्रति साटा पोर्ट कमाल क्षमता’ लिहिलेली असते. ती ६ टीबी असेल तर १० टीबीची डिस्क घेऊन पैसे अडकवू नका. आणि डेस्कटॉप डिस्क नकोच. बॅराकुडासारखीला वर्षाला ५५ टीबीचा भार धरलेला असतो. २ एमबीपीएसवरही तुमचे वर्षाला ६३ टीबी होतात. कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेली डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक घ्या.

प्रश्न : सर्व्हरमधून काढलेली मोठी डिस्क स्वस्त मिळते आहे. घ्यावी का?

दुसरी प्रत ठेवायला, आणि तपासूनच. एसएएस (सर्व्हरमधल्या वेगळ्या जोडणीची) डिस्क घरगुती साटा पोर्टला लागत नाही. ‘होस्ट मॅनेज्ड एसएमआर’ लिहिलं असेल तर विंडोज ती साध्या डिस्कसारखी वापरू शकत नाही, कितीही स्वस्त असली तरी सोडा. ‘नवी, शून्य तास’ म्हणून विकत असतील तर स्मार्टचा (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीतला) तासांचा आकडा पुरेसा नाही, तो पुसता येतो. सीगेटमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते, स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरच्या ७.४ किंवा पुढच्या आवृत्तीत ती वाचता येते. दोन्हींतले तास जुळले नाहीत तर डिस्क परत करा. सीरियल क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतात वॉरंटी दिसते का, हे पैसे देण्याआधी बघा.