‘मोजमाप’मधला ‘प’ कुठे गेला? आणि वाचकांचे इतर प्रश्न

या वेळची बरीचशी पत्रं संकेतस्थळ चालवणाऱ्यांची, त्यातही सीएमएस, म्हणजे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम (संकेतस्थळावर मजकूर चढवायची आणि सांभाळायची प्रणाली; वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला ही त्यातलीच) रोज वापरणाऱ्यांची आहेत. गेली सतरा वर्षं मी हेच काम करते, त्यामुळे पत्रं वाचताना प्रत्येक दुखणं ओळखीचं वाटलं. त्यातले चार प्रश्न घेते.

प्रश्न : ताई, आमच्या संस्थेचं संकेतस्थळ वर्डप्रेसवर आहे. पाच जण लिहितात. दोन वर्षांपूर्वी नवं रूप दिलं आणि तेव्हापासून चौघांनी आत जाणंच सोडलं. वर्डची फाइल मला मेल करतात, मी रात्री बसून चढवते. ड्रुपल किंवा जूमलावर गेलो तर हे सुटेल का?

उत्तर : नाही सुटणार. आणि तुमच्या रात्री वाया जातायत म्हणून आधी हे सांगते, की त्या चौघांना आळशी समजू नका. त्यांच्यातल्या एकाच्या शेजारी अर्धा तास बसा आणि एक लेख चढवायला सांगा. मध्ये बोलायचं नाही, माउसला हात लावायचा नाही.

मी हे पहिल्यांदा केलं ते एका निवृत्त प्राध्यापकांबरोबर. फार सुंदर लिहायचे. लॉगिन झाल्या झाल्या त्यांच्यासमोर एकाखाली एक चार पट्ट्या आल्या. एकीत कुठल्याशा प्लगइनला (वर्डप्रेसला वरून जोडलेल्या जादा सोयीला) पाच तारे द्या अशी विनंती होती, दुसरीत परवाना संपल्याची ताकीद. ‘हे पैसे मी भरायचे का?’ असं त्यांनी विचारलं. डावीकडच्या यादीत बावीस कलमं होती, त्यांना लागणारी त्यातली दोन. मजकुराखाली एसइओच्या, म्हणजे लेख गूगलवर सहज सापडावा यासाठीच्या, प्लगइनचा लाल दिवा होता, वाक्यं लांब आहेत म्हणून. तो हिरवा व्हावा यासाठी त्यांनी आपली चांगली, श्वास पुरवून लिहिलेली वाक्यं तोडायला घेतली. मला ते बघवेना. त्या दिवशी मी ठरवलं, की सीएमएस जोखायची ती बसवणाऱ्याच्या नाही, लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून.

दुरुस्ती एका दुपारची होती. सगळ्यांना ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे अधिकार असलेले, करून ठेवलं होतं, ते काढलं. तुमच्याकडेही बहुधा तसंच असेल, कारण नवं रूप देणारे काम लवकर आटपावं म्हणून असंच करून जातात. वर्डप्रेसमध्ये कॉन्ट्रिब्युटर लिहू शकतो पण प्रसिद्ध करू शकत नाही, आणि छायाचित्रही चढवू शकत नाही. या दुसऱ्या गोष्टीवर बरेच जण अडखळतात. ज्यांना लेखासोबत चित्रं टाकायची आहेत त्यांना ऑथर करा, मात्र ऑथर स्वतःचा लेख थेट प्रसिद्धही करू शकतो हे लक्षात असू द्या. दुसऱ्यांचे लेख तपासणारे असतील ते एडिटर. भूमिका बदलली की बावीस कलमांतली बहुतेक आपोआप नाहीशी होतात, आणि बऱ्याचशा पट्ट्याही. तो लाल दिवा लिहिणाऱ्यांना दिसणार नाही असं करा. शीर्षकाची आणि वर्णनाची काळजी एकट्या संपादकाने शेवटी घ्यावी.

ड्रुपल चांगलंच आहे. हजारो नोंदी, प्रत्येक नोंदीला ठरलेले रकाने, असं काम असेल तर मी तेच सुचवीन. पण घर बदलण्याचा खर्च तिथेही चुकत नाही. २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ वरून पुढे जायचं म्हणजे नुसतं अपडेट नव्हतं, मजकूर उचलून नव्या बांधणीत बसवायचा होता. कित्येकांनी ते टाळत नेलं आणि ५ जानेवारी २०२५ ला त्याचा अधिकृत आधार थांबला. जूमलाबद्दल एवढंच, की तुमची अडचण तिथेही तुमच्याबरोबर येईल. पाचही जणांना ॲडमिन तिथेही करता येतं.

प्रश्न : ‘पावसाच्या पाण्याचे मोजमाप कसे करावे’ असा लेख टाकला. पत्त्यात मात्र ‘पावसाच्या-पाण्याचे-मोजमा’ एवढंच आलं. शेवटचा ‘प’ गेला, पुढचे दोन शब्दही गेले. तीनदा टाइप करून पाहिलं. आमच्या कीबोर्डचा दोष आहे का?

उत्तर : कीबोर्ड ठणठणीत आहे. तुम्ही नेमकं उदाहरण पाठवलंत म्हणून बोटांवर मोजून दाखवता येतं.

लेखाच्या पत्त्यातला जो शेवटचा भाग असतो, ज्याला स्लग म्हणतात, त्यासाठी वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये २०० जागांचा रकाना आहे. रोमन अक्षराला एक जागा पुरते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायच्या पद्धतीत) तीन बाइटचं, आणि पत्त्यासाठी लिहिताना दर बाइटला टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं, म्हणजे तीन जागा. एका चिन्हाला नऊ. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘पावसाच्या’ आपल्याला चार अक्षरांचा वाटतो, पण त्यात नऊ चिन्हं आहेत. ‘पाण्याचे’मध्ये आठ. मधल्या दोन आडव्या रेघांना एकेक. ‘मोजमा’पर्यंत पाच चिन्हं. बावीस गुणिले नऊ १९८, अधिक दोन, बरोबर २००. ‘प’ला जागाच उरली नाही.

म्हणून मराठी स्लग स्वतः लिहावा आणि आखूड लिहावा. ‘पाऊस-मोजमाप’ पुरेसा आहे. त्याच पत्त्याची लिंक कुणाला पाठवताना टक्क्यांची लांबलचक माळ होते, तीही आटोक्यात राहते. काही जण रोमन स्लग ठेवतात. सोयीचं आहे, पण मला मराठी लेखाचा पत्ता मराठीत दिसलेला आवडतो आणि दोन-तीन शब्दांत तो बसतोही. लेख आधीच प्रसिद्ध झाला असेल तरी हरकत नाही. पोस्टचा स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना लक्षात ठेवतं आणि जुन्या लिंकवरून येणाऱ्याला नव्याकडे नेतं. पेज प्रकारात लिहिलेलं असेल तर मात्र ते होत नाही, तिथे रीडायरेक्ट हाताने लावावा लागतो.

प्रश्न : ब्लॉक एडिटर मला सोसत नाही. जुना परत आणला तर काही बिघडेल का?

उत्तर : काही बिघडत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर ब्लॉक एडिटर, म्हणजे प्रत्येक परिच्छेद आणि चित्र वेगळ्या चौकटीत मांडणारा एडिटर, आला तेव्हा मीही क्लासिक एडिटरचं प्लगइन लावून दोन वर्षं काढली. नुसता गद्य मजकूर लिहिणाऱ्याला तेच बरं पडतं. फक्त ब्लॉकमध्ये सजवलेले जुने लेख क्लासिकमध्ये उघडून सेव्ह करू नका, मांडणी विस्कटू शकते.

प्रश्न : एक प्लगइन अपडेट केलं आणि पूर्ण पांढरी स्क्रीन. ॲडमिनमध्येही जाता येईना. शेवटी होस्टिंगवाल्यांनी परत आणलं, पण आता अपडेटचं बटण दाबायला हात थरथरतो.

उत्तर : थरथरणं समजू शकते, पण अपडेट थांबवू नका. जुनी प्लगइनं हीच संकेतस्थळात शिरायची नेहमीची वाट असते. पुढच्या वेळी आधी ॲडमिनच्या नोंदवलेल्या पत्त्यावरची मेल बघा. ५.२ आवृत्तीपासून असा घोटाळा झाला की वर्डप्रेस तिथे एक खास लिंक पाठवतं. तिच्यातून आत जाऊन तेवढं एक प्लगइन बंद करता येतं. मेल आलीच नाही तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये त्या प्लगइनच्या फोल्डरचं नाव बदला. फोल्डर सापडला नाही की वर्डप्रेस ते प्लगइन बंद धरतं आणि बाकीचं उभं राहतं.

भीती जायची असेल तर प्रत हाताशी हवी, आणि ती दुसऱ्या ठिकाणी हवी. माझ्याकडच्या एका संकेतस्थळाचा बॅकअप रोज रात्री निघत होता, वेळेवर, न चुकता, पण त्याच सर्व्हरवर. एका सकाळी सर्व्हरची डिस्क गेली, तिच्याबरोबर सगळे बॅकअपही गेले. अकरा महिन्यांचे लेख आम्ही लोकांच्या मेलमधून आणि गूगलने साठवलेल्या पानांतून एकेक करून गोळा केले. काही कायमचे गेले. एका लेखकाकडे मूळ प्रत नव्हती, त्यांना ते सांगणारा फोन मला करावा लागला.

वर्डप्रेसच्या नुसत्या ‘एक्स्पोर्ट’वर विसंबू नका. त्या फाइलमध्ये मजकूर आणि प्रतिक्रिया असतात, चित्रांचे फक्त पत्ते असतात, चित्रं नसतात. डेटाबेस आणि अपलोड्सचा फोल्डर, दोन्ही घ्या. मी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत माझ्या संगणकावर उभी करून एखादा जुना लेख उघडते. गेल्या महिन्यात २०१२ मधला एक लेख उघडला तर छायाचित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी. त्या वर्षाचा फोल्डर बॅकअपमधून वगळला गेला होता. त्याच दुपारी तो यादीत घालून घेतला.